डाव्या बाजूचा आवाज

पहिला फोन कुरिअरवाल्याचा आला. मी स्टाफरूममध्ये नववीच्या चाचणीचे पेपर घेऊन बसले होते. आहेर साहेब फोन उचलत नाहीत, पार्सल आहे, लोखंडाचं काहीतरी आहे, जड आहे, असं तो सांगत होता. मी म्हटलं, खालच्या मजल्यावर वैद्य काकू असतील, त्यांच्याकडे ठेवा. फोन ठेवला आणि मनातल्या मनात ह्यांच्यावर चिडले. वस्तू मागवायच्या ह्यांनी आणि फोन घ्यायचे मी.

लोखंडाचं म्हणजे मागच्या स्पीकरचे ब्रॅकेट असणार. आमच्या होम थिएटरचे मागचे दोन स्पीकर कित्येक महिने दोन स्टुलांवर उभे होते आणि केर काढताना मी त्यांना रोज एकदा तरी अडखळत होते.

दुसरा फोन गायकवाड भाऊंचा. हे आणि गायकवाड दोघंही सुट्टी टाकून सकाळी सिन्नरला गेले होते. टीव्हीखाली ठेवायला एक लांब, बुटकं कपाट करून घ्यायचं होतं आणि गायकवाडांच्या ओळखीचा सुतार तिकडे होता. फोनवर गायकवाड एवढंच म्हणाले, "वहिनी, शाळेतच थांबा. मी येतोय."

सकाळी दोघं गेले होते. गायकवाड म्हणाले, मी येतोय.

ते येईपर्यंत मी पेपर तपासत राहिले. पुढच्या आठवड्यात शाळेने ते गठ्ठे दुसऱ्या बाईंकडे दिले, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं की शेवटच्या काही पेपरांवर एकाही चुकीला लाल खूण नव्हती. त्या सगळ्या मुलांना पैकीच्या पैकी मिळाले होते.

*

घरातलं माणूस गेलं की भेटायला येणारे लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. कुणी पिठलं-भाकरी आणतं, कुणी खिचडी, आणि जवळजवळ प्रत्येक जण एक किस्सा आणतो. डबे धुऊन परत देता येतात. किस्से घरातच राहतात आणि साठत जातात.

मी मराठी शिकवते. आवडत्या व्यक्तीवर निबंध लिहा म्हटलं की मुलं हमखास लिहितात, ते प्रेमळ आहेत, ते कष्टाळू आहेत. आमच्याकडे आलेल्यांपैकी एकानेही ह्यांना कष्टाळू म्हटलं नाही. सगळे टीव्हीबद्दल बोलले.

हे म्हणजे दिलीप आहेर. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइन विभागात होते. मूळचे कळवणकडचे. गायकवाड त्यांच्याच पाळीत, इतकी वर्षं की दोघांची जेवणाचे डबे उघडायची वेळही एकच. खैरनार सटाण्याचे, इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला. रविवारी तिघांनाही सुट्टी असली की दुपारी जेल रोडवरच्या आमच्या घरी, आमच्या हॉलमध्ये पडदे ओढून पिक्चर, नाहीतर मॅच. खैरनार त्याला मंडळ म्हणायचे. मंडळाचे सभासद तीन, आणि चहा करणारी मी.

*

मंडळाची स्थापनाच मुळी अंधारात झाली.

दुकानाचा माणूस येऊन टीव्ही भिंतीवर टांगून गेला. स्पीकरच्या वायरी मात्र आम्हीच टाकणार, असं ह्यांनी त्याला सांगून टाकलं. घरात वीज केंद्राची तीन माणसं असताना वायर ओढायला दुकानाचा माणूस कशाला? शनिवारी मी शाळेत गेले आणि तिघं कामाला लागले.

आता त्यांच्याकडे एक पद्धत आहे. कुठल्याही यंत्रावर काम करायचं तर आधी त्याची वीज बंद करायची आणि स्विचला एक लाल पाटी लावायची. माणसं काम करत आहेत, चालू करू नये. ज्याने ती पाटी लावली, त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. ह्या नियमावर माणसांचे जीव अवलंबून असतात, त्यामुळे तो त्यांच्या अंगात मुरलेला.

मी दुपारी घरी आले तर घरात वीज नाही. फ्रीजमधून पाणी गळतंय. मेन स्विचला पुठ्ठ्याची पाटी टांगलेली, त्यावर लाल स्केचपेनने लिहिलेलं, आणि खाली सही खैरनारांची. वायरी टाकून झालेल्या. हे आणि गायकवाड सोफ्यावर शांत बसलेले.

मी विचारलं, काम झालं ना? झालं म्हणाले. मग लाइट लावा की. हे म्हणाले, "पाटी खैरनारची आहे."

खैरनार कुठे आहेत? तर त्यांच्या मेहुणीचा साखरपुडा, ते सटाण्याच्या गाडीत बसलेले. घाईत विसरले. फोन केला तर घाटात रेंज नाही. मी म्हटलं, अहो, आपलं घर आहे, आपलं मीटर आहे, पुठ्ठा आपल्याच साडीच्या खोक्याचा आहे. हे गायकवाडांकडे बघायला लागले. गायकवाड विचार करून म्हणाले, "फोनवर परवानगी चालते."

खैरनारांचा फोन लागेपर्यंत संध्याकाळ झाली. तोपर्यंत वैद्य काकू मेणबत्ती घेऊन वर आल्या. सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत विचारलं, "अख्ख्या नाशिकला वीज तुम्हीच देता ना रे?"

*

ह्या होम थिएटरबरोबर एक छोटा माइक आलेला होता. सुपारीएवढा, लांब वायरचा. जिथे बसून ऐकायचं तिथे तो ठेवायचा, बटण दाबायचं, आणि खोलीत कुणी आवाज करायचा नाही. मशीन एकेका स्पीकरमधून सूं सूं आवाज सोडतं, माइक तो ऐकतो, आणि कुठला स्पीकर किती मोठा ठेवायचा हे मशीनच ठरवतं. दुकानाच्या माणसाने हे सगळं फार नीट समजावलं होतं.

ह्यांनी माइक पाकिटातून बाहेरसुद्धा काढला नाही. म्हणाले, पिक्चर माइक बघणार आहे की मी?

मग स्वतः वेताच्या खुर्चीत बसले, रिमोट घेतला, एकेका स्पीकरचा सूं सूं आवाज डोळे मिटून ऐकला आणि सगळे सारखे ऐकू येईपर्यंत कमीजास्त करत राहिले. एक दुपार त्यात गेली. शेवटी म्हणाले, "आता बरोबर."

आणि पहिल्याच रविवारी सगळ्यांच्या लक्षात आलं की आमच्याकडे सगळं डावीकडून ऐकू येतं. पाऊस पडला तर डावीकडे जास्त. गाडी उजवीकडून निघाली तरी आवाज डावीकडे गेल्यावरच घर दणाणायचं. मॅच असली की प्रेक्षक जणू डाव्या बाजूच्याच स्टँडमध्ये बसलेले.

खैरनारांनी एकदा अर्धा पिक्चर थांबवून विचारलं, "भाऊ, तुझ्या टीव्हीत उजवीकडे कोणी राहतच नाही का?"

हे म्हणाले, माझ्या खुर्चीत बसून ऐक. खैरनार बसले. ऐकलं. म्हणाले, इथेही डावीकडेच आहे. हे म्हणाले, कान साफ करून ये.

त्यानंतर हा मंडळाचा कायमचा विषय झाला. खैरनार येताना चपला काढता काढता विचारायचे, आज कुणीकडून? जाताना आपल्या सटाण्याच्या बोलीत म्हणायचे, जिन्यात उजवीकडे धर रे, डावीकडे गर्दी शे. प्लांटमध्येही ते पसरलं. आहेर साहेबांच्या घरचा टीव्ही एका बाजूला कललाय, असं कँटीनमध्ये बोलायचे. हे हसायचे, पण आवाज काही बदलायचे नाहीत.

कारण मला माहीत होतं. लहानपणी ह्यांचा डावा कान फुटला होता. गावात तेव्हा गरम तेल घालायचे, तसं घातलं. दुखायचं थांबलं, पण ऐकू येणं अर्धंच राहिलं. ऑफिसच्या तपासण्यांमध्ये ते होतं, म्हणजे लपवलेलं काही नव्हतं. पण आपण होऊन कुणाला सांगावं असंही त्यांना कधी वाटलं नाही. सांगितलं की लोक ओरडून बोलायला लागतात, म्हणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा मला म्हणाले होते, "बाई, तुम्ही ह्या बाजूने चला." मी तेव्हा नुकतीच शाळेत लागले होते, आणि मुलं म्हणतात तसं तेही मला बाई म्हणायचे, चिडवायला. कारण मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर उजवीकडून चालायची सवय होऊन गेली होती.

अजून रस्त्याने जाताना माझ्या डावीकडे एका माणसाची जागा सुटते.

*

गायकवाडांनी मात्र डावीकडच्या आवाजावर कधी विनोद केला नाही. पण गायकवाड एकूणच विनोद करत नाहीत. त्यांचं ठरलेलं असायचं. ह्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर बसायचं. सोफा सगळा रिकामा, तरी हा माणूस स्टुलावर.

खैरनार सोफ्यावर लोळत म्हणायचे, अरे, ही गादी काय पाहुण्यांसाठी ठेवली का?

गायकवाड म्हणायचे, "पाठ."

एवढंच. पाठ दुखते म्हणून स्टूल. मी एकदा त्यांना चांगली पाठ टेकायची खुर्ची काढून दिली. तिच्यावर त्यांनी माझा चहाचा ट्रे ठेवला.

*

टर्बाइनच्या मजल्यावर कानावर आवाज अडवणारे मफ चढवून काम करतात. शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं हातांनी बोलतात. तळवा वर केला की वाढव. दोन बोटं फिरवली की व्हॉल्व्ह बंद कर. मानेवरून हात फिरवला की मशीन आता बंद पडणार, बाजूला हो.

पिक्चर पाहताना आवाज इतका मोठा असायचा की मंडळ तसंच बोलायचं. मी चहा घेऊन आत यायचे तर तीन पोक्त माणसं अंधारात एकमेकांना हातवारे करतायत. खलनायक आला की खैरनार मानेवरून हात फिरवायचे. नायिका रडायला लागली की हे दोन बोटं फिरवायचे, नळ बंद कर म्हणून. मी खुणेनेच विचारायचे, साखर? तिघांचे तीन तळवे. एकाचा वर, एकाचा खाली, एकाचा मधेच.

हे पुढे पुढे जेवतानाही तसंच करायला लागले. मी पोळी वाढायला गेले की ह्यांचा तळवा खाली. आमची केतकी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा नाशिक रोडच्या स्टँडवर बस सुटताना काचेतून तिनेही बापाकडे बघत अंगठा कानाशी नेला आणि मग तळवा वर केला. म्हणजे काय, मी विचारलं. हे म्हणाले, "फोन वाढव म्हणतेय." आणि नाक पुसलं.

ह्यांना न्यायची गाडी आमच्या इमारतीखाली उभी होती, त्या दिवशीचं एक सांगते. दार लावायच्या आधी खैरनारांनी गायकवाडांकडे पाहिलं. गायकवाड गाडीच्या पुढच्या बाजूला उभे होते. त्यांनी तळवा खाली केला आणि हळूहळू, अगदी सावकाश, कमरेपर्यंत आणला. मोठं मशीन थांबवताना असं करतात, हे मला ह्यांनीच कधीतरी दाखवलं होतं. एकदम थांबवायचं नसतं, म्हणायचे, हळूहळू गार होऊ द्यायचं.

गाडीच्या ड्रायव्हरला वाटलं, गाडी सावकाश चालवा असं सांगतायत. त्याने मान हलवली.

*

सासूबाई वर्षातून एकदा गावाहून येतात. होम थिएटर लागलं त्या वर्षी आल्या, तेव्हा ह्यांना आईला दाखवायची केवढी हौस. तिला खुर्चीत बसवलं. जंगलाचं काहीतरी लावलं. पक्षी पुढे ओरडतायत, पानं बाजूला वाजतायत, आणि मागच्या स्पीकरमधून एक माणूस धीरगंभीर आवाजात माहिती सांगतोय.

सासूबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग खुर्चीतून उठल्या, मागे गेल्या आणि स्टुलावरच्या स्पीकरला म्हणाल्या, "बोलायचं तर म्होरं ये. मागून बोलनारा मानूस मला नाय आवडत."

त्या होत्या तोवर मागचे दोन्ही स्पीकर बंद ठेवले. त्यांच्यावर त्यांचं लुगडं वाळत असायचं.

आता त्या आल्या ते ह्यांच्यासाठी आल्या. भिंतीला टेकून बसून राहायच्या. एका दुपारी केतकीने आजीला जरा बरं वाटावं म्हणून टीव्ही लावला, अगदी बारीक आवाजात, भजनं की काय. सासूबाई भिंतीपासून उठल्या. जाऊन ह्यांच्या खुर्चीत बसल्या. केतकीने मागचे स्पीकर बंद करायला रिमोट उचलला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बोलू दे मागून."

*

वैद्य काकूंचं आणि आमच्या सबवूफरचं भांडण जुनं. सबवूफर म्हणजे जमिनीवर ठेवायचा तो मोठा ठोकळा, धडाड्-धूम करणारा. त्याच्या बरोबर खाली काकूंचं स्वयंपाकघर. रविवारी त्यांच्या मांडणीवरची पातेली नाचायची. त्या जिना चढून यायच्या, दारात उभ्या राहायच्या, आणि हे न विचारताच आवाज कमी करायचे. मग हे एक दिवस जाड रबराचा तुकडा घेऊन आले आणि ठोकळ्याखाली घातला. पातेली बरीच शांत झाली.

पुढच्या सोमवारी काकू वर आल्या. आम्हाला वाटलं, अजून वाजतंय. तर त्यांनी विचारलं, काल पिक्चरचा शेवट काय झाला? आम्हाला कळेना. तेव्हा म्हणाल्या, "मला खालून फक्त मारामारी ऐकू येते. शेवटी त्यांचं लग्न झालं की नाही, ते कळतच नाही. आणि आता तर तू मारामारीही बंद केलीस."

हे खाली जाऊन काकूंना पूर्ण गोष्ट सांगून आले. त्यानंतर प्रत्येक सोमवारी ड्यूटीवरून येताना आधी काकूंचं दार, मग आमचं. काकूंनी किती पिक्चर असे पाहिले असतील देव जाणे. मी एकदा म्हटलं, त्यांना वरच बोलवा की बघायला. हे म्हणाले, नको, त्यांना मी सांगतो तो शेवट आवडतो. म्हणजे? तर कितीतरी पिक्चरमध्ये हे परस्पर लग्न लावून टाकायचे.

केतकीने ती भजनं लावली होती, त्या दुपारी आवाज बारीकच होता, तरी तबल्याचे बोल त्या ठोकळ्यातून थोडे गेले असावेत. काकू वर आल्या. चपला न घालता आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळा हॉल पाहिला. मी, केतकी, खुर्चीत सासूबाई.

"मला वाटलं," असं म्हणाल्या, आणि कठड्याला धरून खाली गेल्या.

*

तेराव्यानंतर नातेवाईक पांगले. केतकी काही दिवस राहिली. त्या रविवारी दुपारी खैरनार आणि गायकवाड दोघं आले. रविवार आहे हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

खैरनारांना नुसतं बसता येत नाही. इकडे तिकडे बघत त्यांनी विचारलं, त्या दिवशीचं पार्सल कुठे आहे? काकूंकडून ते कधीच वर आलं होतं, पलंगाखाली होतं. त्यांनी ते फोडलं, पिशवीतून बॅटरीवरचं ड्रिल काढलं आणि ब्रॅकेट भिंतीला लावून टाकले. भिंतीत भोक पाडायच्या आधी मेन स्विच बंद केला. पाटी मात्र लावली नाही. स्विचपाशी केतकीला उभं केलं. मागचे स्पीकर स्टुलांवरून भिंतीवर गेले. डावा थोडा तिरका बसला. एरवी खैरनारांनी तो काढून पुन्हा लावला असता. त्यांनी मागे सरकून पाहिलं आणि ड्रिल पिशवीत ठेवलं.

मग म्हणाले, "वहिनी, आता एक काम राहिलं. ते डावीकडचं मी नीट करून देतो. त्याने कधी करू दिलं नाही."

त्यांचे डोळे इतके लाल झाले होते की मला नको म्हणता येईना. नको म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. ह्यांनी जे स्वतः कधी सांगितलं नाही, ते ह्यांच्या मागे मी सांगायचं, हे मला जमणारं नव्हतं. केतकीलाही बापाच्या कानाचं नीटसं माहीत नाही. तीही म्हणाली, हो काका, कराच, मलाही ते सारखं जाणवतं. मी मान हलवली आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले.

खैरनारांनी टीव्हीखालच्या खोक्यातून माइकचं पाकीट शोधून काढलं. ते अजून चिकटवलेलंच होतं. दातांनी फाडलं. वेताच्या खुर्चीवर दोन उशा रचल्या, ह्यांचा कान जिथे यायचा तेवढ्या उंचीवर, आणि वर माइक ठेवला. एवढासा माइक त्या एवढ्या खुर्चीत. सगळ्यांना दटावून सांगितलं, आता पाच मिनिटं कुणी हू की चू करायचं नाही, जरा आवाज झाला तरी मशीन पहिल्यापासून सुरू करतं. मोबाइल बंद केले. केतकीने पंखा बंद केला. गायकवाड आपल्या निळ्या स्टुलावर, खुर्चीच्या उजव्या हाताला, नेहमीसारखे ताठ बसले होते.

खैरनारांनी बटण दाबलं. समोरच्या डाव्या स्पीकरमधून सूं सूं सुरू झालं. पहिल्या दिवशी हे डोळे मिटून ऐकत बसले होते तेच.

गायकवाड खोकले.

मशीन थांबलं. खोलीत आवाज जास्त आहे, पुन्हा प्रयत्न करा, असं स्क्रीनवर आलं. खैरनारांनी गायकवाडांना पाणी आणून दिलं. गायकवाडांनी ते सगळं पिऊन ग्लास खाली ठेवला. पुन्हा बटण. पुन्हा डावा स्पीकर, पुन्हा सूं सूं.

गायकवाड पुन्हा खोकले.

खैरनार म्हणाले, काय रे, औषध घे काहीतरी. केतकी आल्याचा तुकडा आणायला उठली. गायकवाडांनी तिला हातानेच बस म्हणून खूण केली. तिसऱ्यांदा बटण दाबलं. ह्या वेळी डाव्या स्पीकरमधून आवाज येण्याच्या आधीच गायकवाड खोकले. मोठ्याने, खणखणीत.

खैरनार वैतागले. "अरे, खोकला आहे तर बाहेर जाऊन बस ना गॅलरीत. पाच मिनिटांचं काम शे."

गायकवाड उठले नाहीत. समोर, बंद टीव्हीकडे पाहावं तसं पाहत राहिले.

"मला खोकला नाही," ते म्हणाले.

खैरनार रिमोट हातात धरून तसेच उभे होते. मग ते सोफ्यावर बसले. खोली शांत होती, मशीनला हवी होती तेवढी. मी चहा टाकायला आत गेले. खुणेने विचारलं, साखर? दोन तळवे.

चहा झाल्यावर खैरनारांनी माइकची वायर नीट गुंडाळली आणि फाटलेल्या पाकिटात घालून खोक्यात ठेवून दिली. उशा मी उचलल्या. डावीकडचा आवाज कमी करायचा राहिला आहे.